खिडकी शेवटी

आईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: स्वयंपाकघराला एक धड खिडकी. बंगला नको, बाग नको, मार्बल तर मुळीच नको, "घसरून पडले की बसाल माझं करत" असं तिचं मार्बलबद्दलचं मत. ओट्याशी उभं राहिलं की समोर पूर्वेची खिडकी हवी आणि सकाळी चहा उकळेपर्यंत तोंडावर ऊन यायला हवं, एवढंच मागणं. घरात मुलगी आर्किटेक्चर शिकत असताना हे मागणं तिनं दुसऱ्या कोणाकडे करायचं?

हसू नका. बँकेच्या बदल्यांमागे फिरलेल्या बाईला विचारा खिडकी म्हणजे काय ते. बाबा सरकारी बँकेत अधिकारी, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर. इंदूरला स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडायची, येणारा-जाणारा आमच्या कढईत डोकावून जायचा. पाटण्याला खिडकी बरी होती, पण माकडं येतात म्हणून आधीच्या साहेबांनी तिला पत्रा ठोकून ठेवला होता. आणि इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकला, चांगली ऐसपैस खिडकी आहे, पण ती उघडते डक्टमध्ये. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली अंधारी विहीर. सगळ्यांचे पाइप तिच्यातून खाली जातात आणि सगळ्यांचे वास तिच्यातून वर येतात. खालच्या मजल्यावर मोहरीचं तेल तापलं की आमच्या पोह्यांना त्याचा वास. आई भर दुपारी ट्यूबलाइट लावून पोळ्या लाटते.

बाबांच्या रिटायरमेंटला वर्षभर उरलं तेव्हा साताऱ्याबाहेरच्या आमच्या प्लॉटवर घराचं काम सुरू झालं. प्लॉट अरुंद आणि लांबट. पूर्वेला शेतं, त्यापलीकडे डोंगर. दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत अगदी हाताच्या अंतरावर. जोतं घालून झालं होतं. परवानगीसाठी तिथल्या एका इंजिनियरनं नकाशा काढून दिला होता, पण तो परवानगीपुरता. खरं घर कसं असेल ते मी ठरवणार, असं बाबांनी समस्त नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. "आमची लेक आर्किटेक्ट आहे." कसली डोंबलाची आर्किटेक्ट! दुसऱ्या वर्षाला होते मी. पण नेमका त्याच सत्रात कॉलेजात डिझाइनला विषय मिळाला: तुम्हाला नीट माहीत असलेल्या माणसांसाठी, खऱ्या जागेवर, एक घर. मी आनंदानं उडीच मारली. आईला म्हटलं, "तुझी खिडकी? अगं, ती तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

आता सरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे. आमचे डिझाइनचे सर म्हणजे किडकिडीत, साठीच्या घरातले बंगाली गृहस्थ. खांद्याला कापडी झोळी, आणि आवाज इतका हळू की ते बोलायला लागले की कोणीतरी उठून पंखा बंद करायचं. त्यांची शिकवायची पद्धत एकच. कॉम्प्युटर बंद, ड्रॉइंग नंतर, आधी मॉडेल. पुठ्ठ्याचं, हातानं कापलेलं, दर आठवड्याला नवं. ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवायचं. सर गुडघे वाकवून डोळे पुठ्ठ्याच्या पातळीला आणायचे, बराच वेळ त्या एवढ्याशा घरात बघत राहायचे, आणि मग अंगठा आणि तर्जनीत एक भिंत धरून पापड मोडावा तशी मोडायचे. "आबार," म्हणायचे. म्हणजे पुन्हा. की निघाले पुढच्या टेबलाकडे.

का मोडली, काय चुकलं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "तूच सांग." अरे देवा! मला माहीत असतं तर मी आधीच नसती का केली तशी? पहिले काही आठवडे मी वर्गातून बाहेर पडल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडायचे. नंतर रडू यायचं बंद झालं, फक्त राग यायचा, आणि तो राग काढायलाही कोणी नव्हतं. सर इतके शांत की त्यांच्यावर रागावणं म्हणजे भिंतीवर रागावणं.

आणि खिडक्या कापायच्या नाहीत, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. "जानला पोरे," ते म्हणायचे, खिडकी नंतर. एकदाच त्यांनी कारण सांगितलं. "खिडकी आधी कापलीस की तू तिच्या प्रेमात पडतेस. मग तिला वाचवायला सगळं घर वाकडं करतेस. आधी भिंती ठरू देत. खिडकी सगळ्यात शेवटी." वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण मनात आलं, सर, हे अख्खं घर त्या एका खिडकीसाठीच तर चाललंय. ते मी म्हणू शकले नाही. बंगालीत एवढं लांब वाक्य मला जमलं नसतं आणि इंग्रजीत ते फारच बालिश वाटलं असतं.

मग काय, पुठ्ठे कापत बसणं आलं. सियालदहच्या कागदबाजारात माउंट बोर्ड घाऊक मिळतो म्हणून मी तिथून आणायचे. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेनं बोर्डाची चळत डोक्यावर धरून चालणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. आणि इथल्या हवेत माणसांसारखाच पुठ्ठाही घामाघूम होतो. सरळसोट कापलेली भिंत सकाळी बघावी तर तिला बाक आलेला. पंखा लावावा तर बारीक तुकडे घरभर उडतात, न लावावा तर नाकावरचा घाम टप्पकन मॉडेलवर. आईच्या पोळपाटाला एकदा गोंद लागला. तिनं पोळपाट घासून घेतला आणि विचारलं, "खिडकी झाली का गं?"

"अगं, खिडकी शेवटी. सर म्हणतात."

"बरं."

हा संवाद आमच्याकडे दर आठवड्याला व्हायचा. तिला त्या सरांचं काही पटत नव्हतं, पण मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, अशा पिढीतली ती. मॉडेलांना मात्र ती नावं ठेवायची. एकाला म्हणाली बाकडं. एक मिठाईचा पुडा, कारण त्याचं झाकण उघडून आत बघायचं होतं. एकाला नुसतंच "हे काय बाई!" मोडून घरी आलेलं मॉडेल बघितलं की तिचा जीव कळवळायचा. "रोज मोडायचंच तर बांधायचं कशाला मेलं?" मी तिचं हे म्हणणं एकदा सरांना सांगितलं. ते म्हणाले, "या शहरात दुर्गापूजेला बांबू-कापडाचे राजवाडे उभे राहतात आणि पूजा संपली की उतरवतात. कोणी रडतं का?" ते मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मला येतं रडू."

मॉडेल घेऊन कॉलेजला जायचं म्हणजे मेट्रो, मग एस्प्लनेडला उतरून दुसरी मेट्रो. मी दोन्ही हातांत घर धरून उभी, आणि धरायला खांब नाही. पण इथली माणसं मॉडेलला जागा देतात हं, माणसाला देणार नाहीत एकवेळ. एका आजीबाईंनी मांडीवर घेतलं माझं घर. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, मग म्हणाल्या, "जानला कोथाय?" खिडकी कुठे आहे? मी म्हटलं, नंतर होणार. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की या मुलीचं कसं होणार. तेव्हा मला हसू आलं होतं. रस्त्यातल्या कोणालाही एका नजरेत कळायचं की या घराला खिडक्या नाहीत.

पूजेच्या सुट्टीच्या आधी मी जे मॉडेल केलं त्याला आईनं आगगाडी म्हटलं. एकापुढे एक खोल्या, टोकाला स्वयंपाकघर, त्याची पूर्वेची भिंत शेतांकडे तोंड करून. भिंत अर्थात कोरी. सरांनी ते बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि मोडलं नाही. फक्त म्हणाले, "जिना?" जिन्याचं माझं ठरत नव्हतं. गच्चीवर जायला जिना हवा होता, पण आत घेतला तर खोली खातो, बाहेर घेतला तर कुठल्या बाजूला, काही सुचेना. म्हणून मी जिना वेगळाच करून ठेवला होता, बुचाच्या पट्ट्यांचा, छोटासा, सुटा. घरी येताना तो हरवेल म्हणून हातात धरून आणला. घरी आल्यावर मॉडेल टीव्हीच्या कपाटावर ठेवलं, आणि जिना कुठे पडायला नको म्हणून दिला स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून. आणि हातपाय धुवायला गेले. संपलं. एवढंच घडलं.

बाबा ऑफिसातून आले. आगगाडी त्यांना भलतीच आवडली. सरांनी मोडली नाही हे कळल्यावर तर विचारूच नका, त्यांना वाटलं पास झाली. त्यांनी मोबाइल काढला, खाली वाकून, डोळे बारीक करून चांगला अँगल घेऊन फोटो काढले. मी म्हटलंसुद्धा, "बाबा, हे अजून फायनल नाही." ते म्हणाले, "माहितीये गं, भावांना दाखवायला काढतोय." आणि भावांना दाखवलेही असतील. पण त्याच संध्याकाळी त्यांनी ते साताऱ्याच्या कंत्राटदाराला पाठवले.

त्यामागे वेगळंच रामायण होतं. त्या कंत्राटदाराला स्वतःचं डोकं चालवायची सवय. जोतं त्यानं परस्पर उंच केलं होतं, विचारलं तर म्हणाला, "साहेब, बरं दिसतं." बाबा फोनवर इतके भडकले होते की खालच्या मजल्यावरचे काका वर विचारायला आले. तेव्हापासून बाबांनी त्याला तंबी दिली होती: यापुढे स्वतःच्या मनानं एक वीट हलवायची नाही. फोटोबरोबरही त्यांनी तेच लिहिलं. मुलीनं केलेलं मॉडेल आहे, फोटोत आहे तस्संच करायचं, कमी नाही, जास्त नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं बांधकाम थांबलंय आणि माझी वाट बघतंय. सुट्टी संपली, सरांनी आगगाडीतली मधली भिंत मोडली, आबार झालं, पुन्हा आबार झालं. मी जिना पश्चिमेला नेला, तिथून परत आणला, पुन्हा नेला. मधूनमधून बाबा मोबाइलवर साताऱ्याचे फोटो दाखवायचे. बांबू, फळ्या, सळया, विटांचा ढीग. मला वाटायचं, नुसता माल येऊन पडतोय. त्यातलं घर कुठलं आणि काय हेच कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं लक्षही नसायचं. माझ्या डोक्यात पुठ्ठ्याचं घर.

आणि मग तो रविवार. थंडी पडायला लागली होती. आई पोहे परतत होती, बाबा टेबलाशी बसून मोबाइल बघत होते, आणि एकदम म्हणाले, "अगं या, या दोघी इकडे. फळ्या काढल्या त्यानं. बघ, तुझं मॉडेल उभं राहिलं!"

मी बघितलं. लांब पांढुरकं घर. एकापुढे एक खोल्या. टोकाला स्वयंपाकघर. आणि त्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून, जमिनीपासून गच्चीपर्यंत, काँक्रीटचा जिना. वर चौक, म्हणजे जिना संपतो तिथला सपाट भाग, आणि चौकावर पाण्याची टाकी. भिंत कोरी.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मी विचारलं, "हा जिना इथे कुणी घातला?"

बाबा म्हणाले, "कुणी म्हणजे? तूच."

"मी?"

त्यांनी बोटानं मोबाइलवर मागे मागे जात तो फोटो काढला. टीव्हीचं कपाट, त्यावर आगगाडी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेला माझा बुचाचा जिना. अगदी तसाच. तितक्याच तिरक्या चढाचा. काय सांगू, इतकं हुबेहूब काम त्या माणसानं आयुष्यात केलं नसेल.

"बाबा, तो मी नुसता टेकवून ठेवला होता!"

बाबांना अर्थ लागायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा खुशीत होता, त्याला वाटलं शाबासकीचा फोन आहे.

"साहेब, तुम्हाला विचारलं होतं की मी," तो म्हणाला. "म्हटलं, जिना पूर्वेला? तुम्ही म्हणालात, फोटोत आहे ना, मग झालं. बाकी खिडक्या मागनं फोडता येतील, पण या भिंतीतल्या खिडकीचंबी विचारलं. तुम्ही म्हणालात, ताई आर्किटेक्ट आहेत, त्यांनी काहीतरी विचार केला असंल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "फोडावा लागेल," ते म्हणाले.

"फोडता येईल, साहेब. पण चौकाच्या सळया स्लॅबात गेल्यात. टाकी उतरवायला लागंल. फोडला तर स्लॅबची गॅरंटी मी नाही देणार, पावसाळ्यात गळलं तर मग मला बोलू नका." मग त्याला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असावं. "वहिनी, जिन्याखाली सिलेंडर ठेवायला मस्त जागा झालीये बघा."

आई हातात उलथनं घेऊन उभी होती. मोबाइलमधल्या त्या भिंतीकडे ती बघत होती. मला वाटलं रडेल. मला हवंच होतं की तिनं रडावं, ओरडावं, बाबांना काहीतरी बोलावं, मला बोलावं. ती फोनकडे तोंड करून म्हणाली, "नाही, फोडायचं नाही काही. वास्तुशांत व्हायची आहे अजून. नव्या घराला पहिला घण आपणच घालायचा? तसंच राहू दे." आणि मग आमच्याकडे वळून, "दिवा लावू की. सवय आहे मला."

सवय आहे मला! असा संताप आला मला. बाबांचा आला, सरांचा आला, त्या टेकवलेल्या बुचाच्या तुकड्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला आईचा. मी ओरडले तिच्यावर. "मग मागितलीस कशाला खिडकी? इतकी वर्षं कशाला मागत होतीस?"

"मागायला काय जातं," आई म्हणाली, आणि पोह्यांखालचा गॅस बंद करायला आत गेली. पोहे जरा लागले होते. तेच खाल्ले आम्ही, ट्यूबलाइटच्या उजेडात.

त्यानंतरचे काही दिवस घरात कोणी साताऱ्याचं नाव काढलं नाही. बाबा मोबाइल उलटा ठेवायचे. मी वहीत जिन्याची चित्रं काढत बसायचे, कुठून तरी, कसं तरी उजेड आत घेता येईल का. जिन्याच्या पायऱ्यांमधून? पायऱ्या भरीव. चौकाखालून? चौक बरोबर डोक्यावर. दक्षिणेकडून? तिकडे शेजाऱ्याची भिंत. उत्तरेकडून? तिकडे न्हाणीघर. पुठ्ठा असता तर दोन मिनिटांत उचकटला असता. इथे मला काहीच करता येत नव्हतं. इतकी मॉडेलं केली, इतकी मोडली, बोटं कापून घेतली, आणि जे एक घर खरोखर उभं राहिलं ते नेमकं हे.

शेवटी मी सरांना सांगितलं. सगळं, फोटोसकट. वाटलं होतं, काहीतरी मार्ग सांगतील. चाळीस वर्षं घरं मोडणारा माणूस. त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि डोळे पातळीला आणल्यासारखी मान खाली घातली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "जिना चांगला झालाय."

सबंध सत्रात त्यांनी कोणाच्याही कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. आणि आता म्हटलं तर याला! मला वाटलं, हा फोन घ्यावा आणि खिडकीतून बाहेर फेकावा. सरांनाही बहुतेक आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं. मोबाइल परत देताना ते थोडे घुटमळले. "आई काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"म्हणाली, मोडायचं नाही."

सरांनी मान हलवली. माझं त्या आठवड्याचं मॉडेल टेबलावर होतं, जिना पश्चिमेला नेलेलं. त्यांनी ते बघितलं आणि कुठल्याच भिंतीला हात लावला नाही. "भिंती ठरल्या तुझ्या," ते म्हणाले. "आता खिडकी काप."

मी कापली. वर्गात, त्यांच्यासमोर. पूर्वेच्या भिंतीवर पट्टी धरली, आई ओट्याशी उभी राहिली की तिची नजर कुठे येईल ते मोजलं, कटर चालवला आणि तो एवढासा चौकोन बोटानं आत ढकलला. सर तोपर्यंत पुढच्या टेबलाकडे गेले होते.

सत्राच्या शेवटी बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मॉडेल उचलून, फिरवून बघितलं, त्या खिडकीबद्दल आपापसात काहीतरी बोलले, आणि ते कॉरिडॉरमधल्या शेल्फावर मांडायला घेतलं. चांगल्या मॉडेलांना तिथे ठेवतात. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "वा वा," आणि चष्मा पुसत राहिले. आई म्हणाली, "मला बघायचंय."

आई एकटी सहसा कुठे जात नाही. त्या दिवशी ती सकाळी माझ्याबरोबर मेट्रोनं आली, इस्त्रीची साडी नेसून, सरांसाठी डब्यात बेसनाचे लाडू घेऊन. सर आले नव्हते अजून. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं, बाहेरून हिवाळ्यातलं कोवळं ऊन शेल्फावर येत होतं. मी तिला मॉडेल दाखवलं. आधी ती नुसती लांबून बघत राहिली, देवळात बघतात तशी. मग म्हणाली, "ओटा कुठेय?"

"दारातून बघ. खाली वाक जरा."

तिचे गुडघे दुखतात. शेल्फाला धरून ती हळूहळू खाली वाकली, एक डोळा मिटला, आणि पुठ्ठ्याच्या दारातून आत बघू लागली. सरांसारखीच. किती वेळ बघत होती देव जाणे.

"अगं, ऊन आलंय आत," ती म्हणाली. "ओट्यावर पडलंय."

तिनं बाहेरच्या बाजूनं खिडकीत बोट घातलं, आतून ते बघितलं, आणि हसली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. पदर सारखा केला.

"हे नाही ना आता मोडायचं?"

"नाही गं. हे झालं."

"मग मला दे. वर्ष संपलं की मागून घे त्यांच्याकडून. साताऱ्याला नेऊ."

"एवढं जपून कसं नेणार? आणि ठेवणार कुठे?"

"ओट्यावर," आई म्हणाली. "समोरच्या भिंतीला टेकवून."